एकाच फाइलमध्ये वेगवेगळे हेडर-फूटर : प्रोजेक्ट रिपोर्टसाठी वर्डमध्ये सेक्शन कसे पाडायचे

हा विषय व्हिडिओत दाखवलेला आहे, पण व्हिडिओ सारखा पॉज करून शेजारी वर्ड चालवणं कटकटीचं होतं. म्हणून तेच सगळं इथे लिहून देतोय. हे पान मोबाइलवर उघडून समोर ठेवा आणि कॉम्प्युटरवर करत जा.

आधी माझीच एक चूक सांगतो, म्हणजे एवढ्याशा हेडरसाठी मी एवढं का लिहितोय ते कळेल.

दुकानाची सुरुवातीची वर्षं होती. झेरॉक्स, टायपिंग, आणि जोडीला कर्जाच्या फाइलसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट. शेवया-पापडाचा उद्योग सुरू करायला निघालेल्या एक ताई आल्या. माझ्याकडे एका दाल मिलचा रिपोर्ट तयार होता. तोच उघडला, नाव बदललं, आकडे बदलले, मशीनची माहिती बदलली. हेडरमध्येही नाव बदललं. पहिली चार-पाच पानं वर-खाली करून पाहिली, बरोबर दिसली. प्रिंट काढली, स्पायरल केली, दिली.

आठवड्याने ताई फाइल घेऊन परत. म्हणाल्या, "दादा, पंधराव्या पानावर हे कुणाचं नाव आहे?" पंधराव्या पानापासून शेवटपर्यंत वरच्या कोपऱ्यात दाल मिलवाल्याचं नाव आणि गाव. बँकेतल्या साहेबांनी पेनाने गोल करून दिला होता आणि विचारलं होतं, की हे आकडे तरी तुमचेच आहेत ना? ताईंच्या दोन एसटीच्या फेऱ्या गेल्या. त्याहून वाईट म्हणजे मशीनचं कोटेशन ३० दिवसांचं होतं. दुसऱ्यांदा फाइल आत जाईपर्यंत ते संपलं, आणि नवीन कोटेशन चढ्या भावाचं आलं. आणि ज्या माणसाचं नाव छापलं गेलं, त्याचा तरी काय दोष? त्याच्या धंद्याची गोष्ट दुसऱ्याच्या फाइलमध्ये गेली.

मी हेडर बदललं होतं, हे खरंच होतं. पण एका फाइलमध्ये हेडर एकच असतं असं मी धरून चाललो होतो. तसं नसतं. हेडर फाइलचं नसतं, सेक्शनचं असतं.

सेक्शन म्हणजे काय

वर्डची फाइल म्हणजे एक मोठी वही समजा. त्या वहीत आपण मधे मधे जाड पुठ्ठा घालून भाग पाडतो, तसे सेक्शन. प्रत्येक भागाला स्वतःचं हेडर, स्वतःचं फूटर, स्वतःचे पान क्रमांक, स्वतःचं मार्जिन आणि पान उभं की आडवं हे सगळं ठरवता येतं. पुठ्ठा घातलाच नाही, तर अख्खी फाइल एकच सेक्शन, आणि एक पान बदललं की सगळी बदलणार.

आपल्याकडे बहुतेकांची गडबड इथेच होते. नवीन पान हवं म्हणून कंट्रोल आणि एंटर दाबतात. त्याने पेज ब्रेक पडतो, म्हणजे नुसतं पुढचं पान सुरू होतं; सेक्शन तोच राहतो. (काहीजण तर पान संपेपर्यंत नुसतं एंटर-एंटर दाबत जातात. ती सवय आजच सोडा.) सेक्शन पाडायचा असेल तर लेआउट टॅबवर जायचं, ब्रेक्सवर क्लिक करायचं. जुन्या वर्डमध्ये ह्याच टॅबचं नाव पेज लेआउट आहे. यादीच्या वरच्या अर्ध्या भागात पेज ब्रेक्स आहेत, त्यांना हात लावायचा नाही. खालच्या अर्ध्या भागात सेक्शन ब्रेक्स : नेक्स्ट पेज, कंटिन्युअस, इव्हन पेज, ऑड पेज. आपल्या कामाला जवळपास नेहमी नेक्स्ट पेजच लागतो. कंटिन्युअस हा एकाच पानावर खाली दोन कॉलम करायचे असतील तेव्हाचा.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी चालू करून घ्या. होम टॅबवर उलट्या पी सारखं दिसणारं पॅराग्राफचं चिन्ह आहे, ते दाबा, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि ८. आता सेक्शन ब्रेक कुठे आहे ते दुहेरी टिंबांच्या रेषेने दिसेल. घाबरू नका, ही चिन्हं प्रिंटमध्ये येत नाहीत. दुसरं, खिडकीच्या अगदी तळाशी जी पट्टी असते, म्हणजे जिथे पान किती आणि शब्द किती ते दिसतं, तिथे राइट क्लिक करून सेक्शनवर टिक करा. आता कर्सर जिथे असेल तिथला सेक्शन नंबर कायम डोळ्यांसमोर राहील. माझ्या दुकानातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर हे चालू असतं.

आपल्या रिपोर्टला किती सेक्शन लागतात

पीएमईजीपी असो, मुद्रा असो किंवा साधं टर्म लोन, रिपोर्टचा साचा साधारण सारखाच असतो. मी पाच सेक्शन पाडतो. पहिल्यात फक्त कव्हर. त्यावर हेडर नाही, फूटर नाही, नंबर नाही. दुसऱ्यात अनुक्रमणिका आणि प्रकल्पाचा थोडक्यात गोषवारा. ह्याला छोटे रोमन आकडे. तिसरा मुख्य भाग : उद्योजकाची माहिती, मालाची माहिती, बाजारपेठ, मशिनरी, कच्चा माल, मनुष्यबळ. इथून पान १ सुरू. चौथ्यात आर्थिक तक्ते, म्हणजे पाच वर्षांचा नफा-तोटा, कर्जफेड, डीएससीआर. हे तक्ते रुंद असतात, म्हणून पान आडवं; पण क्रमांक मागून पुढे चालू. पाचव्यात परिशिष्टे : कोटेशन, भाडेकरार, आधार, उद्यम प्रमाणपत्र वगैरे, ह्याला वेगळे नंबर.

पाच सेक्शन म्हणजे चार ब्रेक. आधी मजकूर पूर्ण टाइप करा, मग चारही ठिकाणी कर्सर नव्या भागाच्या पहिल्या अक्षराआधी ठेवून नेक्स्ट पेज ब्रेक घाला. त्या जागी आधी पेज ब्रेक असेल तर तो काढून टाका, नाहीतर मधे एक कोरं पान येतं. हेडरचं काम चारही ब्रेक पडल्यावरच सुरू करायचं.

लिंक टू प्रीव्हियस : सगळी गंमत ह्याच बटणात

तिसऱ्या सेक्शनच्या पहिल्या पानावर वरच्या कोऱ्या पट्टीत डबल क्लिक करा. हेडर उघडेल, डावीकडे हेडर आणि सेक्शन ३ असं लिहिलेलं दिसेल, आणि उजवीकडे सेम अ‍ॅज प्रीव्हियस. ही उजवीकडची पाटी म्हणजे ह्या सेक्शनचं हेडर मागच्या सेक्शनला जोडलेलं आहे. इथे काही टाइप केलं तर ते मागच्या सेक्शनमध्येही जाईल.

वरच्या रिबनवर हेडर अँड फूटर नावाचा टॅब आलेला असेल (जुन्या वर्डमध्ये तो डिझाइन नावाने येतो). त्यात लिंक टू प्रीव्हियस हे बटण दाबलेलं दिसेल. त्यावर क्लिक केलं की ते सुटतं आणि उजवीकडची पाटी जाते. आता हे हेडर स्वतंत्र झालं.

इथे क्रम महत्त्वाचा. आधी लिंक तोडायची, मग टाइप करायचं. उलट केलंत तर तुमचं टाइप केलेलं मागच्या सेक्शनवरही जातं, आणि त्यानंतर लिंक तोडली तरी ते तिथे राहतंच. कारण लिंक तोडल्याने हेडर रिकामं होत नाही, त्या क्षणी जे आहे त्याची वेगळी प्रत बनते, एवढंच. क्लासमध्ये दहातले सात जण इथे अडकतात आणि म्हणतात, "सर, बटण काम करत नाही." बटण काम करतं, आपण उशिरा दाबतो.

दुसरी गोष्ट. हेडरची लिंक तोडली म्हणजे फूटरची तुटली असं नाही. दोन्ही वेगळ्या. हेडरमधून गो टू फूटर दाबून खाली जा आणि तिथेही लिंक टू प्रीव्हियस सोडवा. पान क्रमांक फूटरमध्येच असतात, त्यामुळे ही पायरी विसरली की कव्हरवर नंबर येतो.

आणि तिसरी गोष्ट, म्हणजे माझ्या दाल मिलचं उत्तर. लिंक ही फक्त लगेचच्या मागच्या सेक्शनशी असते, पहिल्या सेक्शनशी नाही. त्या जुन्या फाइलमध्ये चार सेक्शन होते. मी पहिल्यात नाव बदललं, दुसरा जोडलेला होता म्हणून तोही बदलला. तिसरा आडव्या तक्त्यांचा, त्याची लिंक मी कधीतरी तोडून ठेवली होती. तो जुनाच राहिला. चौथा तिसऱ्याला जोडलेला, म्हणून तोही जुना. रेल्वेचे डबे जोडलेले असतात तसं आहे हे. मधली एक कडी सुटली की मागचे सगळे डबे तिथेच उभे.

पुन्हा जोडायचं असेल तर तेच बटण परत दाबा. वर्ड विचारतं, की इथलं हेडर काढून मागच्याला जोडू का? होय म्हटलं की इथलं लिहिलेलं जातं. पहिल्या सेक्शनमध्ये हे बटण फिकट दिसेल, कारण त्याच्या मागे कुणी नाहीच.

आता आपल्या रिपोर्टमध्ये सेक्शन २, ३ आणि ५ मध्ये हेडर-फूटर दोन्हीची लिंक तोडा. ४ ची ठेवा, कारण त्याला ३ चंच हेडर आणि पुढचे नंबर हवेत. पाचव्याची तोडायची, कारण तिथे "परिशिष्टे" असं लिहायचंय.

पहिलं पान वेगळं

डिफरंट फर्स्ट पेज नावाची एक टिक आहे. कव्हरवर हेडर नको असेल तर बरेचजण हीच वापरतात. एक कव्हर आणि खाली सरळ मजकूर असं साधं कोटेशन किंवा दरपत्रक असेल तर ती उत्तम, सेक्शन पाडायची गरजच नाही. पण ही टिक आधी करून मग सेक्शन पाडले, की प्रत्येक नव्या सेक्शनमध्ये ती आपोआप येते, आणि प्रत्येक भागाचं पहिलं पान बिनहेडरचं दिसायला लागतं. शिवाय त्या पहिल्या पानाच्या हेडरची लिंक वेगळी तोडावी लागते. कव्हरला स्वतंत्र सेक्शन दिलाय ना, मग ही टिक काढून टाका.

डिफरंट ऑड अँड इव्हन पेजेस ही दुसरी टिक पुस्तकासारखं पाठपोट छापायचं असेल तेव्हाची. ती एका सेक्शनपुरती राहत नाही, अख्ख्या फाइलला लागते. चुकून लागली तर एक सोडून एक पानावरचं हेडर गायब होतं. लोक व्हायरस समजतात.

पान क्रमांक

दुसऱ्या सेक्शनच्या फूटरमध्ये जा, पेज नंबरवर क्लिक करून बॉटम ऑफ पेजमधला मधोमधचा नंबर घ्या. मग त्याच पेज नंबरखाली फॉरमॅट पेज नंबर्स उघडा. नंबर फॉरमॅटमध्ये छोटे रोमन आकडे निवडा आणि खाली स्टार्ट अ‍ॅट टिक करून पहिला आकडा ठेवा. तिसऱ्यात तेच करा, साधे आकडे निवडा आणि स्टार्ट अ‍ॅट १. चौथ्यात कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन, म्हणजे तक्त्यांचे नंबर मागून पुढे येतील. पाचव्यात परत स्टार्ट अ‍ॅट १, आणि नंबरच्या आधी "परिशिष्ट - पान" असं हाताने टाइप करा.

सगळं झालं की अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ ९ दाबा. रेफरन्सेस टॅबमधून केलेली अनुक्रमणिका असेल तर पान क्रमांक स्वतः बदलतात. हाताने टाइप केलेली असेल तर बसा तपासत!

आडवं पान आणि उजवा कोपरा

चौथ्या सेक्शनमध्ये कर्सर ठेवा, लेआउटमधून ओरिएंटेशन लँडस्केप करा. फक्त तेवढाच सेक्शन आडवा होईल. पण हेडरमध्ये उजवीकडचं लिखाण कोपऱ्यात जात नाही, मधेच थांबतं. कारण हेडरमध्ये टॅब दाबल्यावर जिथे थांबायचं ती खूण साधारण साडेसहा इंचांवर ठरलेली असते. ए-फोर पान आडवं केलं आणि दोन्हीकडे एक-एक इंच मार्जिन सोडलं, तर लिहायची जागा ९.७ इंचांच्या आसपास होते. तीन इंच उजवीकडे नुसते रिकामे.

माझ्या त्या जुन्या फाइलमध्ये मी ह्याच कारणासाठी लिंक तोडली होती, आडव्या पानाचं हेडर हाताने स्पेस देऊन सरकवायला. त्याची काही गरज नव्हती. तिसऱ्या सेक्शनच्या हेडरमध्ये साधा टॅब काढून टाका. त्या जागी हेडर अँड फूटर टॅबमधल्या पोझिशन गटातलं इन्सर्ट अलाइनमेंट टॅब दाबा, राइट निवडा. हा टॅब इंच मोजत नाही, मार्जिन बघतो. उभं पान असो की आडवं, लिखाण उजव्या कडेला जाऊन बसतं. लिंक तशीच राहते. हे मला तेव्हा माहीत असतं तर ताईंच्या एसटीच्या फेऱ्या वाचल्या असत्या.

नाव एकदाच लिहायचं

उद्योगाचं नाव प्रत्येक हेडरमध्ये टाइप करूच नका. इन्सर्ट टॅबमध्ये क्विक पार्ट्स, त्यात डॉक्युमेंट प्रॉपर्टी, त्यात कंपनी निवडा. एक छोटा चौकोन येईल, त्यात उद्योगाचं नाव लिहा. कव्हरवर, प्रत्येक हेडरमध्ये, जिथे जिथे नाव लागेल तिथे हाच चौकोन घाला. पुढच्या ग्राहकासाठी एका ठिकाणी नाव बदललं की सगळीकडे बदलतं, मग लिंक तुटलेली असो की जोडलेली. मालकाच्या नावासाठी ऑथर वापरा.

प्रकरणाचं नाव उजवीकडे हवं असेल, म्हणजे "बाजारपेठ", "मशिनरी" असं, तर त्यासाठी दर प्रकरणाला सेक्शन पाडत बसू नका. प्रकरणाच्या मथळ्याला हेडिंग १ ही स्टाइल द्या. मग हेडरमध्ये क्विक पार्ट्स, फील्ड, यादीतून स्टाइलरेफ, आणि त्यात हेडिंग १. त्या त्या पानावर जे प्रकरण चालू असेल त्याचं नाव आपोआप येतं. सेक्शन जितके कमी तितकी डोकेदुखी कमी.

ब्रेक डिलीट करताना

सेक्शनची सगळी माहिती त्याच्या शेवटच्या ब्रेकमध्ये साठवलेली असते. ब्रेक डिलीट केला की वरचा मजकूर खालच्या सेक्शनचं रूप घेतो. आपल्याला वाटतं उलट होईल. तिसऱ्या आणि चौथ्यातला ब्रेक काढलात तर तुमची मुख्य भागाची सगळी पानं आडवी होतील. झालं तर लगेच कंट्रोल झेड. खरंच काढायचा असेल तर आधी खालचा सेक्शन उभा करा, त्याचं हेडर-फूटर लिंक टू प्रीव्हियसने वरच्याला जोडा, आणि मग ब्रेक काढा.

दुसऱ्या फाइलमधून मजकूर कॉपी करतानाही हाच धोका. मधे एखादा ब्रेक आला तर त्याच्याबरोबर तिथलं हेडरही येतं. पेस्ट करताना राइट क्लिक करून कीप टेक्स्ट ओन्ली निवडा.

देण्याआधी

हेडर उघडून रिबनवरचं नेक्स्ट बटण दाबत शेवटपर्यंत जा. ते पानापानाने न जाता पुढच्या सेक्शनच्या हेडरवर उडी मारतं, त्यामुळे पाच सेक्शन तपासायला अर्धा मिनिटही लागत नाही. मग फूटरमध्ये तसंच. मी हे ग्राहकाला शेजारी बसवूनच करतो, नाव त्यांचं आहे की नाही ते त्यांनाच वाचायला लावतो.

प्रिंट काढताना एक अडचण येते. पान १ तिसऱ्या सेक्शनमध्येही आहे आणि पाचव्यातही. मग फक्त तक्तेच परत छापायचे तर? प्रिंटच्या पेजेस ह्या चौकटीत इंग्रजी एस हे अक्षर आणि त्याला चिकटून इंग्रजी आकड्यात ४ लिहा. फक्त चौथा सेक्शन छापला जाईल. बँकेने दोन तक्ते बदलून मागितले की अख्खी फाइल पुन्हा काढायची नाही.

फाइल पाठवायची असेल तर पीडीएफ करूनच. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल आणि समोरच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल, तर हेडरमधल्या तुमच्या नावाच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये टाइप केलंत तर हा प्रश्न फारसा येत नाही.

ज्यांच्याकडे वर्ड नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. गूगल डॉक्समध्ये इन्सर्टमधून ब्रेक, त्यात सेक्शन ब्रेक नेक्स्ट पेज; हेडरवर क्लिक केलं की लिंक टू प्रीव्हियसची टिक तिथेही दिसते, ती काढायची. लिब्रे ऑफिस रायटरमध्ये मात्र गणित वेगळं आहे. तिथे सेक्शन नावाची गोष्ट आहे, पण ती ह्या कामाची नाही. तिथे प्रत्येक भागाला वेगळी पेज स्टाइल द्यावी लागते आणि हेडर त्या स्टाइलचं असतं. त्यावर वेगळा व्हिडिओ करतो.

आता जुन्या ग्राहकाच्या फाइलवर नवीन काम करायची माझी पद्धत मी बंद केलीय. पाच सेक्शनची एक कोरी फाइल बनवली, नावांच्या जागी चौकोन, तक्ते रिकामे, आणि ती वर्ड टेम्प्लेट म्हणून सेव्ह केली. तिच्यावर डबल क्लिक केलं की नवीनच फाइल उघडते, मूळ तशीच राहते. तुम्हीही आज आधी ती कोरी फाइल बनवा. त्या ताईंचा दुसरा रिपोर्ट मी असाच कोऱ्या फाइलपासून केला, टायपिंगचे आणि प्रिंटचे पैसे न घेता, आणि ह्या वेळी पंधरावं पान आधी उघडून त्यांच्यासमोर धरलं.